फुटबॉल गळला तो एप्रिल

एप्रिल लागला की आमच्या स्टाफरूममध्ये अकरावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येतात. पंखा जोरात लावला तर पेपर उडतात, हळू लावला तर आम्ही उकडतो. पनवेलचा एप्रिल हा असाच. कोरडा म्हणावा तर खाडीकडून ओलसर वाफ येते, ओला म्हणावा तर घशाला कोरड पडते. परवा अशाच एका दुपारी एका मुलीचा फिजिक्सचा पेपर तपासत होतो. प्रश्न होता, कपॅसिटर म्हणजे काय. तिने लिहिलं होतं, 'कपॅसिटर विद्युतभार साठवून ठेवतो आणि पुरवठा बंद केल्यावरही तो त्यात राहतो.' खाली दोन समांतर रेषांची आकृती. चूक काढायला जागा नव्हती. मी पूर्ण मार्क दिले आणि पेन खाली ठेवून उजव्या हाताच्या अंगठ्याकडे बघत बसलो.

शेजारच्या मराठीच्या बाईंनी विचारलं, "काय हो सर, लागलं का?"

"चार वर्षांपूर्वी," मी म्हणालो.

चार वर्षांपूर्वीच्या एप्रिलमध्ये माझ्या सासऱ्यांचं, म्हणजे तात्यांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तात्या नेऱ्याला राहतात, एकटेच. घरामागे विहीर, विहिरीच्या पलीकडे भेंडीच्या आणि काकडीच्या सऱ्या, कडेला शिराळ्यांचा मांडव. पूर्वेला माथेरानच्या डोंगराची भिंत. सकाळचं ऊन त्या भिंतीवरून जरा उशिराने खाली उतरतं, पण एकदा उतरलं की संध्याकाळपर्यंत हलत नाही. तात्यांचा डावा डोळा तरुणपणीच, झोडणीच्या वेळी भाताचं कुसळ जाऊन अधू झालेला. तेव्हा ऑपरेशन झालं ते त्यांच्या एकुलत्या एका कामाच्या डोळ्याचं. डॉक्टरांनी बजावलं होतं, पंधरा दिवस धूळ नको, वाकायचं नाही, डोळ्यात पाण्याचा थेंब जाता कामा नये. "आणि काळजी करायची नाही," असं सुनंदाने, माझ्या बायकोने, आपल्याकडून जोडलं.

तात्यांना पंधरा दिवस आमच्या पनवेलच्या फ्लॅटवर ठेवायचं ठरलं. प्रश्न होता भाजीला पाणी कोण देणार. माझी पेपर तपासणी संपली होती, कॉलेजला सुट्टी लागली होती, आणि विजेच्या यंत्रांबद्दल बावीस वर्षं शिकवणारा माणूस घरातच होता. सुनंदाने माझ्याकडे बघितलं. तात्यांनी मुद्दाम दुसरीकडे बघितलं.

आमच्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत तात्यांनी मला विहिरीच्या पायऱ्या कधी उतरू दिल्या नव्हत्या. राग वगैरे काही नव्हता. आमच्यात बोलण्यासारखं काही नव्हतं, इतकंच. मी गेलो की "बसा", बसलो की "जेवलाव का", आणि निघालो की "सावकाश जा". मीही "हो तात्या" याच्या पलीकडे गेलो नव्हतो. ते मला मास्तर म्हणतात. त्यात आदर किती आणि शंका किती हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

निघताना त्यांनी मला शेजारी बसवलं. डोळ्यावर काळा चष्मा होता, त्यामुळे ते कुठे बघतायत ते कळत नव्हतं.

"काला बटन दाबला की चालू. लाल दाबला की बंद. बाकी कशाला हात लावू नका."

"मी फिजिक्स शिकवतो, तात्या."

"म्हनून तर सांगतो."

नेऱ्याला मला सोबत होती जनीची. जनी वरच्या ठाकूरवाडीतली. सकाळी येऊन तात्यांच्या भाजीची निंदणी-तोडणी करायची आणि जाताना वाडीसाठी दोन हंडे पाणी भरून न्यायची. वय चाळिशीचं असेल, पण नक्की तिलाही माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी तिने मला सगळं दाखवलं. विहिरीत दहा पायऱ्या उतरलं की सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर मोटार बसवलेली. तिथून एक जाड पाइप खाली पाण्यात सोडलेला आणि दुसरा वर भाजीकडे गेलेला. मी काळं बटन दाबलं. मोटार घुमली, पाइप थरथरला, आणि वर सरीच्या तोंडाशी पाणी धबधब पडायला लागलं. ओल्या मातीचा वास सुटला. भिंतीच्या कपारीतून एक खंड्या ओरडत उडून गेला. मला उगाचच मोठं काम केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी तात्यांचा फोन आला. "पानी दिलाव?"

"दिलं, तात्या."

"मोटारीचा आवाज ऐकवा."

खाली कट्ट्यावर फोनला रेंज नव्हती. दहा पायऱ्या उतरलं की फोन तुटायचा. मग मी एक युक्ती केली. कॉलेजने हजेरी भरायला दिलेला टॅब माझ्याजवळ होता. तो घेऊन खाली गेलो, दोन मिनिटं आवाज रेकॉर्ड केला, वर येऊन फोनजवळ धरून तात्यांना ऐकवला. तात्यांनी पूर्ण दोन मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं. "बरा हाय," म्हणाले आणि ठेवून दिला. तोपर्यंत यात खोटं असं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जनी म्हणाली, "सर, आज पानी बारीक येतंय."

मी म्हणालो, "उन्हाळा आहे. विहिरीची पातळी उतरली की असं होतं." आणि दाब, खोली, गुरुत्वाकर्षण यांचा संबंध तिला पाच मिनिटं समजावून सांगितला. ती खुरपं हातात धरून ऐकत राहिली. तेवढ्या वेळात आणि पुढचा तासभर मोटार चालूच होती. मी शिराळ्यांच्या मांडवाखाली खाट टाकून वाचत पडलो होतो. मांडवाखालची सावली हिरवी असते, आणि पिवळ्या फुलांवर भुंगे घुमत असतात. पाण्याचा आवाज कधी थांबला ते मला कळलंही नाही.

तिसऱ्या दिवशी काळं बटन दाबलं तर मोटारीने नुसतं "हूं" केलं. एखाद्याला हाक मारावी आणि त्याने न उठता हुंकार द्यावा, तसं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा हूं. मग मी बटनाचं खोकं बघितलं, वायरी बघितल्या, फ्यूज बघितला आणि गंभीर चेहऱ्याने कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. जनी पायरीवर बसून माझ्याकडे बघत होती.

"तात्या असा उभा नाय राहत," ती म्हणाली.

गावात वायरमन एकच. त्याला फोन केला तर मागे बँडचा आवाज. त्याच्या पुतण्याची हळद होती. आमच्याकडची रात्रभर चालणारी हळद ज्यांनी पाहिली आहे त्यांना पुढचं सांगायला नको. तो म्हणाला, उद्या येतो. दुसऱ्या दिवशी लग्न होतं. तिसऱ्या दिवशी पूजा. त्याने तीनही दिवस 'उद्या येतो' असंच सांगितलं आणि तिन्ही वेळा ते अगदी मनापासून सांगितलं.

मी सुनंदाला फोन करून खरं ते सांगितलं. ती आवाज दाबून म्हणाली, "तात्यांना कळता कामा नये. कळलं तर ते आत्ता रिक्षा करून येतील आणि विहिरीत वाकून बसतील. एक डोळा आहे त्यांना. काय वाट्टेल ते करा, पण संध्याकाळी त्यांना आवाज ऐकवा."

काय वाट्टेल ते म्हणजे काय, ते आम्हा दोघांनाही कळलं होतं. त्या संध्याकाळी मी टॅबवरचं पहिल्या दिवशीचं रेकॉर्डिंग पुन्हा वाजवलं. तात्या म्हणाले, "बरा हाय." चौथ्या दिवशीही तेच.

दिवसा मात्र मी आणि जनी दोराने पाणी ओढत होतो. काकडीच्या वेलाला एप्रिलात एक दिवस पाणी चुकलं तर पानं दुपारी अंग टाकतात, दोन दिवस चुकलं तर संध्याकाळीही उठत नाहीत. तात्यांनी बियाण्यासाठी राखलेल्या दोन काकड्यांना चिंधी बांधून ठेवली होती. तोडायच्या नाहीत अशी खूण. हे बियाणं त्यांच्या आजोबांपासूनचं, बाजारात मिळत नाही, असं सुनंदा सांगते. मी आधी त्या दोन वेलांना पाणी घालायचो, मग बाकीच्यांना. विसाव्या बादलीनंतर माझ्या तळहाताला फोड आले. जनीने एकही बादली न मोजता माझ्या दुप्पट काढल्या आणि वर आपले दोन हंडेही भरून नेले. जाताना म्हणाली, "सर, तुमी उद्या सावलीत बसा. मदतीला मी एकटी बरी."

पाचव्या संध्याकाळी मी पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. ते संपलं. या वेळी 'बरा हाय' आलं नाही.

"तात्या?"

"जनीला डॉक्टरकडं न्या," तात्या म्हणाले.

"का? काय झालं?"

"परवा मोटार चालू झाली, जनी दोनदा खोकली, मंग खंड्या वरडला. काल मोटार चालू झाली, जनी दोनदा खोकली, मंग खंड्या वरडला. आज पन जनी दोनदाच खोकली आनि त्याच्यामागं खंड्या वरडला. आता खंड्याला तर डॉक्टरकडं नेता येत नाय."

बावीस वर्षांत मी कितीतरी मुलांच्या कॉप्या पकडल्या होत्या. पकडल्यावर माणूस जमिनीकडे का बघतो, ते त्या दिवशी मला कळलं. फोनवर असूनही मी जमिनीकडेच बघत होतो.

"कवापासून बंद हाय?" तात्यांनी विचारलं.

"तीन दिवस."

"वेल?"

"बादलीने पाणी घालतोय."

फोनवर पावलांचा आवाज, कडी लावल्याचा आवाज, आणि एकदम आवाज घुमायला लागला. तात्या बाथरूममध्ये गेले होते.

"सुनंदाला सांगू नका मना कललाय म्हनून," ते हळू आवाजात म्हणाले. "ती उगाच घाबरंल. आता सांगा, काला बटन दाबल्यावर काय बोलते?"

"हूं करते."

"कसा हूं? जाड का बारीक?"

मी माझ्या आवाजात हूं करून दाखवलं. तात्यांनी त्यांच्या आवाजात हूं करून विचारलं, असा का? मी म्हणालो, त्याहून थोडा खालचा. मग त्यांनी खालच्या पट्टीतला हूं केला. एक सत्तरीचा माणूस पनवेलच्या बाथरूममध्ये आणि एक पन्नाशीचा माणूस नेऱ्याच्या विहिरीच्या काठावर, आळीपाळीने हूं हूं करत होते. जनी हंडे खाली ठेवून बसली.

"आसला हूं असंल तर दोनच गोष्टी," तात्या म्हणाले. "एक तर आत काय तरी अडाकलाय, नायतर कंडेन्सर गेला. आदी मेन स्विच बंद करा. मंग मागचा पत्र्याचा टोपन काडा. आत पंखा हाय, तो हातानं फिरवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टोपण काढलं आणि पंखा फिरवला. तो अगदी सहज फिरला. तात्यांना वर येऊन सांगितलं. पुन्हा कडीचा आवाज, पुन्हा घुमता आवाज. "मंग कंडेन्सरच. वरच्या डबीत हाय, काडून घ्या. पन काडताना—"

"कपॅसिटर, तात्या. मी शिकवतो तो," मी म्हणालो आणि फोन ठेवला. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दिलं असतं तर बरं झालं असतं. वीज बंद केल्यावरही त्यात भार राहतो, हे मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो होतो. खाली उतरलो, डबी उघडली आणि दोन्ही वायरींच्या टोकांना सरळ हात घातला. पुढच्या क्षणी मी तीन पायऱ्या वर होतो. कसा चढलो ते आठवत नाही. उजव्या अंगठ्यापासून खांद्यापर्यंत हात माझा राहिला नव्हता.

"सर," जनीने विचारलं, "हे पन शिकवता का?"

तात्यांना मी ते सांगितलं नाही. त्यांनी मात्र संध्याकाळी नुसतं विचारलं, "झटका बसला ना?" मी हो म्हणालो. "मना पन बसला हुता. पयल्या टायमाला. स्क्रूडायव्हरचा लाकडी दांडा धरून दोनी टोका जोडायची, मंग हात लावायचा. तेच सांगत हुतो."

त्या आठवड्यात तात्या बाथरूममध्ये फार वेळ घालवत होते, आणि त्याचा अर्थ सुनंदाने आपल्या परीने लावला होता. तिचा मला वेगळा फोन यायचा. "तात्यांचं पोट बिघडलंय. दिवसातून सहा-सात वेळा जातात आणि अर्धा अर्धा तास बाहेर येत नाहीत. विचारलं तर काही नाही म्हणतात. मी आता त्यांना मऊ भात आणि ताकच देतेय." मी म्हणालो, वयानं होतं असं. दुसरं काय म्हणणार? तात्यांना सुकट आणि तांदळाची भाकरी रोज लागते. त्यांनी तो मऊ भात एका शब्दाची तक्रार न करता खाल्ला. मोटारीसाठी माणूस काय काय करतो.

कंडेन्सर घ्यायला मी पनवेलच्या बाजारात गेलो. मोटार वायंडिंगचं एक जुनं दुकान आहे, आत तांब्याच्या तारेची रिळं आणि वॉर्निशचा उग्र वास. गल्ल्यावर तिशीतली एक बाई बसली होती. मी कंडेन्सर पुढे ठेवला आणि बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात ती उठून उभी राहिली.

"सर, मला ओळखलं नाहीत? शबाना. बारावी सायन्स. शेवटच्या बाकावर."

मला आठवेना, पण मी आठवल्यासारखं केलं. ती हसली. "अब्बांच्या मागे दुकान मीच बघते. तुम्ही मला प्रिलिममध्ये कपॅसिटरच्या प्रश्नाला पाचात दोन मार्क दिले होते, सर. मी लिहिलं होतं की खराब झाला की फुगतो आणि मोटार हूं करते. तुम्ही लाल पेनाने लिहिलं होतं, 'विचारलेलंच लिहा.'"

तिने माझा कंडेन्सर आडवा धरून दाखवला. मधोमध तो पोटासारखा फुगला होता. "हा बघा. कधीतरी पाण्याशिवाय मोटार चालवलीत का सर? गरम होऊन गेलाय बिचारा."

मला मांडवाखालची खाट आठवली. मी म्हणालो, "थोडा वेळ."

तिने नवा कंडेन्सर कागदात गुंडाळून दिला, कोणती वायर कुठे ते त्याच कागदावर काढून दिलं. आकृती सुबक होती. मी ती खिशात ठेवताना म्हणालो, "शबाना, याला मी आज पाच दिले असते."

"शुक्रिया सर," ती म्हणाली. "पण तेव्हा दिले असते तर अब्बांनी मला इंजिनीअरिंगला पाठवलं असतं."

ती हे हसतच म्हणाली, आणि लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. परतीच्या एसटीत मी खिडकीतून बाहेर बघत बसलो. बारा-चौदा वर्षांपूर्वीचे तीन मार्क आता कुठे जाऊन देणार? आजही उत्तरपत्रिकेत कोणी न विचारलेलं लिहिलं की माझं लाल पेन थांबतं. मी ते दोनदा वाचतो.

नवा कंडेन्सर बसवला. मेन स्विच लावला. काळं बटन दाबलं आणि मोटार फिरली. जनीने टाळी वाजवली. मी धावत वर आलो, तात्यांना फोन लावला. या वेळी काठावर पालथा पडून, स्पीकर लावून फोन खाली सोडून धरला, म्हणजे रेंजही राहील आणि आवाजही जाईल.

तात्या चारच क्षण ऐकत होते. "फिरते. पन रिकामी फिरते. बंद करा, बंद करा."

मी बंद केली. वर सरीच्या तोंडाशी खरोखरच थेंबही आला नव्हता.

"तुम्हाला कसं कळलं?"

"भरलेल्या हंड्याचा आनि रिकाम्या हंड्याचा आवाज एक असतो काय?" मग म्हणाले, "मास्तर, फुटबॉल गेलाय. फुटबॉल बगा."

मी आजूबाजूला बघितलं. भेंडी होती, काकडी होती, विहीर होती. "तात्या, इथे फुटबॉल कुठून येणार? विहिरीत पडलाय का कुणाचा?"

पलीकडून बाथरूममधला गळता नळ ऐकू आला.

"खालच्या पाइपाच्या बुडाला असतो तो फुटबॉल," तात्या एकेक शब्द सुटा करून म्हणाले. "जालीवाला. पानी वर येऊ देतो, खाली जाऊ देत नाय."

"फूट व्हॉल्व्ह," मी म्हणालो.

"तोच. तुमी विंग्रजीत बोलता."

फुटबॉल बघायचा म्हणजे खालचा पाइप पाण्यातून वर ओढायचा. जनी आणि मी कट्ट्यावर उभे राहून ओढायला लागलो. शेवाळलेला, निसरडा, आत पाणी भरलेला तो पाइप अजगरासारखा जड होता. दोनदा हातातून सुटला. तिसऱ्यांदा जनी म्हणाली, "सर, तुमी नुसतं धरून ठेवा, ओढू नका," आणि तिने एकटीने तो कट्ट्यावर घेतला. बुडाला पितळेचा तो फुटबॉल होता. त्याची जाळी एका कडेने फाटली होती आणि आतल्या झडपेत एक छोटा खेकडा अडकून बसला होता. झडप त्यामुळे मिटतच नव्हती. वर चढलेलं पाणी तिथूनच परत विहिरीत गळून जात होतं. म्हणजे या इवल्याशा प्राण्यामुळे पाणी बारीक झालं, त्यामुळे मोटार रिकामी चालली, ती तापल्यामुळे कंडेन्सर फुगला, आणि एक म्हातारा पनवेलला मऊ भात खात होता.

जनीने खेकडा काडीने अलगद सोडवला, तळहातावर घेऊन बघितला. "एकट्याचा कालवन व्हनार नाय," म्हणाली आणि माझ्या हातात दिला. तो जिवंत होता. एक नांगी हलवत होता. मला दया आली आणि मी त्याला हळूच विहिरीत सोडून दिलं.

जनीने स्वयंपाकघरातल्या जुन्या जाळीच्या कपाटाचा एक तुकडा कापून आणला आणि फुटबॉलच्या फाटक्या जागी तारेने आवळून बसवला. पाइप पुन्हा सोडला. मोटारीच्या डोक्यावरचं बूच काढून आत चार बादल्या पाणी ओतलं. या वेळी ते आतच राहिलं, काठोकाठ. बूच लावलं. जनीने बटन दाबलं.

मी काठावर पालथा होतो, फोन खाली सोडलेला. मोटार घुमली, मग तो घुमणारा आवाज हळूहळू जड होत गेला, आणि मागे सरीच्या तोंडाशी पाणी पडल्याचा आवाज आला. जनी वर आली आणि चप्पल काढून त्या पाण्यात जाऊन उभी राहिली. मी तसाच पालथा पडून होतो, आणि मला एकदम रडू येईल की काय असं वाटलं. पन्नाशीत, तेही मोटारीसाठी. मी लगेच उठून शर्टाची माती झटकली.

"हां," तात्या म्हणाले. "आता भरलेली हाय." मग, "फुटबॉलात काय हुता?"

"खेकडा."

"मंग त्याचा काय केलाव?"

"विहिरीत सोडला. जिवंत होता."

"मास्तर," तात्या म्हणाले, "तुमी शिकवायचा सोडू नका."

पंधरा दिवस झाले. डॉक्टरांनी डोळा तपासला, उत्तम आहे म्हणाले, आणि सुनंदा तात्यांना घेऊन नेऱ्याला आली. तात्या रिक्षातून उतरले आणि अंगणातच उभे राहिले. आता त्यांना स्पष्ट दिसत होतं. त्यांनी डोंगराकडे बघितलं. माथ्यावरची झाडं सुटी सुटी दिसतायत म्हणाले. जनीकडे बघून म्हणाले, "तुजे केस कवा पिकले?" जनी म्हणाली, "तुमचे पिकले तवाच." मग ते कठडा धरून, हळूहळू, विहिरीच्या दहा पायऱ्या उतरले. मोटारीच्या पत्र्यावरून हात फिरवला. पाइप बघितला. वर येऊन जनीला म्हणाले, "फुटबॉलला जाली चांगली बांधलीस."

आणि जीभ चावली. सुनंदा मागेच उभी होती.

मी घाईघाईने म्हणालो, "म्हणजे, मी आत्ताच तात्यांना—"

"बाथरूमच्या खिडकीचा डक्ट सात मजले वर जातो," सुनंदा शांतपणे म्हणाली. "पहिल्याच संध्याकाळी वरच्या मजल्यावरच्या काकू खाली आल्या होत्या. म्हणाल्या, तुमच्याकडे कोणी मोटार मेकॅनिक आलाय का, आमच्या टाकीचा पंप पण हूं करतो. नंतरचे चार दिवस अख्ख्या बिल्डिंगने ऐकलंय. पाचव्या मजल्यावरच्यांना तर फुटबॉल म्हणजे काय तेही कळलंय."

तात्यांनी हिशोब केला असावा. "मंग तुला ठावका हुता, तरी मऊ भात?"

"खोटं बोलल्याबद्दल," ती म्हणाली. आणि माझ्याकडे वळून, "तुमचा घरी गेल्यावर सुरू होईल."

ती चहा ठेवायला आत गेली. जनी हंडे घेऊन वाडीकडे निघाली. अंगणात आम्ही दोघंच उरलो. पंधरा दिवसांत आम्ही फोनवर जितकं बोललो होतो तितकं अठरा वर्षांत बोललो नव्हतो. त्यामुळे मला वाटलं, आता काहीतरी बोलू. तात्यांनाही तसंच वाटलं असावं. त्यांनी माझ्याकडे त्या नव्या डोळ्याने नीट बघितलं. मी पोट आत घेतलं.

"बसा," तात्या म्हणाले.

मी बसलो.

"जेवलाव का?"

"हो तात्या."

ते जरा वेळ घुटमळले, मग काकडीच्या सऱ्यांकडे निघून गेले. मी पायरीवर बसून राहिलो. उन्हं कलली होती. पाच-सात मिनिटांनी माझा फोन वाजला. स्क्रीनवर तात्यांचं नाव. मान वर करून बघितलं तर ते वीस पावलांवर, शिराळ्यांच्या मांडवाखालच्या खाटेवर, माझ्याकडे पाठ करून बसले होते. फोन कानाला.

"बोला तात्या."

"काकडी खातो," तात्या म्हणाले. फोनमधून कर्रकन चावा घेतल्याचा आवाज आला, आणि तोच आवाज मांडवाखालून हवेतूनही आला. "ही कडू हाय. ही मोटार बंद हुती तवाची."

"चुकलं, तात्या."

"थांबा." पुन्हा कर्रकन आवाज झाला, पुन्हा दोन्हीकडून. तात्या बराच वेळ चावत राहिले. "ही गोड हाय. ही नंतरची."

मी फोन कानालाच धरून ठेवला. त्यांनीही फोन ठेवला नाही.